पुण्यातली कॉट की गावची एसटी: प्रवेशाआधी मांडायचा हिशेब

मी एका पतसंस्थेत काउंटरला बसतो. जुलै-ऑगस्ट आला की सोनेतारणाच्या खिडकीवर एक ठरावीक गर्दी दिसायला लागते. हातात कॉलेजच्या प्रवेशाचा कागद, रुमालात बांधलेली पाटली नाहीतर गंठण, आणि तोंडात जवळपास तेच वाक्य: "फी जमवली होती हो, खोलीच्या डिपॉझिटचं ध्यानातच आलं नाही."

पोराला बाहेरगावी ठेवायचं की घरून ये-जा करायला लावायची, हा प्रश्न घरोघरी "चार वर्षांत किती लागतील?" असा विचारला जातो. बेरीज करायलाच हवी, पण चार वर्षांच्या बेरजेपायी मोडलेलं घर मी फारसं पाहिलेलं नाही. घरं अडतात ती जुलै ते डिसेंबरमध्ये. त्या सहा महिन्यांत पैसे नुसते जात असतात आणि शिष्यवृत्तीचा पत्ता नसतो. म्हणून किती रुपये याच्याइतकंच कोणत्या महिन्यात किती रुपये, हे मांडायला शिकायचं.

मागच्या वर्षी भाचीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश होता. ताई-दाजींचं गाव विट्याच्या अलीकडं, सांगलीपासून पन्नासेक किलोमीटर. समोर दोन कॉलेजं होती, एक सांगलीचं आणि एक पुण्याचं. दोन्ही खासगी, शाखा तीच. आम्ही दोनशे पानी वहीत समोरासमोरची दोन पानं घेतली. पुढं जे सांगतोय ते त्या वहीवरूनच. आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे येतील. मांडणी तीच ठेवा.

वही कधी उघडायची

कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याआधी. बहुतेक लोक जागा मिळाल्यावर हिशेबाला बसतात, तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद होतं. "टाकून तर बघू, पुण्याचं वर लिहू" म्हणून गंमत म्हणून भरलेला पहिला क्रमांक गळ्यात पडू शकतो. जे कॉलेज परवडणार नाही ते वरच्या ओळीत लिहायचंच नाही. आमच्या दाजींनी नेट कॅफेवाल्याला "तुझ्या अंदाजानं भर" असं सांगितलं होतं. ती यादी मी फाडून टाकली, तर चार दिवस दाजी माझ्याशी बोलले नाहीत.

फीचे तुकडे पाडा

"फी लाखभर आहे" हे वाक्य हिशेबात निरुपयोगी आहे. पावतीवर शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, विद्यापीठाचं शुल्क आणि अनामत रक्कम वेगवेगळी छापलेली असते. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी 'शुल्क नियामक प्राधिकरण' ठरवतं आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. कॉलेजात जाण्याआधी तो आकडा वहीत उतरवून घ्या, म्हणजे काउंटरवर "इतर" नावाखाली काय मागतात ते लगेच कळतं.

सवलत यातल्या कोणत्या तुकड्याला लागते, ते महत्त्वाचं. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आधी ही सवलत निम्मी होती. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत याच उत्पन्नमर्यादेत मुलांना ५० टक्के शिक्षण शुल्क मिळतं. दोन्हीला अट एकच: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की दार बंद. विकास शुल्क मात्र या माफीत येत नाही, ते खिशातूनच जातं.

आमच्या वहीत यामुळं एक गंमत झाली. भाचीला माफी लागू होती, त्यामुळं दोन्ही पानांवरची फी जवळपास सारखी झाली. फरक उरला तो फक्त राहण्या-खाण्याचा. तुमच्या घरी मुलगी असेल आणि ती या प्रवर्गांत बसत असेल, तर "पुण्याची फी जास्त" हे कारण आता फारसं टिकत नाही.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता हे कागद मे महिन्यातच हातात घ्या. जुलैत तहसीलला आणि सेतूत काय रांग असते ते सांगायला नको.

डावं पान: घरून ये-जा

एसटीच्या विद्यार्थी मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे आपल्याला भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. कॉलेजचं बोनाफाईड दिलं की पास मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडी १४.९५ टक्क्यांनी वाढली, तेव्हा जुन्या पोरांचे आकडे विचारून हिशेब करू नका. आम्ही पासाला महिना १,६०० धरले. किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे या बाजूला राहणाऱ्यांना मिरजेच्या रेल्वे लाइनचा आधार आहे. रेल्वेचा विद्यार्थी पास त्याहून स्वस्त पडतो, आणि मुलींना घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास पदवीपर्यंत मोफत आहे. मात्र पॅसेंजरच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी जुळायला हव्यात.

पासाच्या पुढं खरा खर्च सुरू होतो, आणि तो कुणी लिहीत नाही. गाडी चुकली की वडाप, म्हणजे खासगी जीप. स्टँडवरून कॉलेजपर्यंत रिक्षा. सकाळी सहाला घर सोडलेल्या पोराला अकरा वाजता लागणारी भूक, मग डबा असला तरी वडापाव. या सगळ्याला आम्ही महिना हजार धरले. सेमिस्टर परीक्षेच्या दिवसांत मैत्रिणीच्या खोलीवर राहायचं म्हणून वर्षाला ४,०००. दहा महिन्यांचं वर्ष धरलं तर पास १६,०००, वरखर्च १०,०००, परीक्षा ४,०००. एकूण ३०,०००.

आता तास. गावातनं मुक्कामाची गाडी सकाळी ६.१० ला निघते, पावणेआठला सांगली. संध्याकाळी प्रॅक्टिकल पाचला सुटतं, गाडी साडेपाचची, घरी यायला साडेसात. आकड्यात हे साडेतीन तासांच्या थोडं वर दिसतात. त्यात स्टँडवरची वाट बघणं मिळवा म्हणजे चार. भाचीनं पान बघून विचारलं, "मामा, यात झोप कुठं धरलीय?" मी धरली नव्हती.

कागदावरच्या वेळेवर विसंबू नका. कॉलेज सुरू असतानाच्या दिवसांत तीन दिवस तोच प्रवास करून बघा, त्याच गाडीनं, पाठीवर बॅग घेऊन. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडीत बसायला जागा मिळते म्हणून फसू नका. आमच्या भागात आणखी एक घोळ आहे तो बाहेरच्या माणसाला सुचणार नाही: नोव्हेंबरात कारखान्यांचे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, रात्री दिवे नाहीत, त्यांच्यामागं एसटी रखडत चालते. त्या चार महिन्यांत आमच्या मार्गावर पाऊण तास वाढतो. हिवाळी परीक्षा त्याच दिवसांत येते. ७५ टक्के हजेरीची अट पहिल्या लेक्चरवर मोडते ती अशी.

आणि घरी असलेलं पोर घरचं काम करतं. पाण्याची पाळी रात्रीची आली, म्हातारीला दवाखान्यात न्यायचं झालं, की पहिला आवाज त्यालाच. यात वाईट काही नाही, पण आई-वडिलांनी हे आधी कबूल करावं. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस त्याला काही सांगायचं नाही, एवढं तरी ठरवून टाका.

उजवं पान: पुणे

पुण्यात खोली घेत नाहीत, कॉट घेतात. "कॉट बेसिस" म्हणजे एका खोलीत तीन-चार पलंग, आपल्याला एक. भाचीसाठी बघितलेल्या ठिकाणी महिना ५,००० आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. भाडं अकरा महिन्यांचं द्यावं लागतं, सुट्टीत गावी आलात तरी. म्हणजे ५५,०००. दोन वेळची मेस महिना ३,५००, दहा महिन्यांचे ३५,०००. नाश्ता, बसपास, रिचार्ज, झेरॉक्स, साबण, औषधं मिळून महिना २,५००, म्हणजे २५,०००. पहिल्या वर्षी डिपॉझिट, गादी, बादली, टेबल धरून १५,०००. गावी आठ फेऱ्या, महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट असल्यानं त्या ३,२०० त भागतात. बेरीज १,३३,२००.

डाव्या पानापेक्षा १,०३,२०० जास्त. पुढच्या तीन वर्षांत डिपॉझिट-गादीचा खर्च नाही, तेव्हा फरक वर्षाला ८८,००० च्या आसपास. चार वर्षांचा फरक पावणेचार लाखांच्या घरात, आणि भाडेवाढ धरली तर चार लाख.

मेस लावताना दर विचारून थांबू नका, खाडा कसा धरतात ते विचारा. खाडा म्हणजे आपण जेवलो नाही तो दिवस. काही मेसमध्ये सलग तीन किंवा चार दिवस गैरहजर राहिलं आणि आधी वहीत लिहिलं तरच खाडा धरतात, काही ठिकाणी धरतच नाहीत. शनिवार-रविवार गावी येणाऱ्या पोराचे महिन्याचे आठ दिवस असेच जातात. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद हाही ठरलेला रिवाज, म्हणजे महिन्यात चार रात्री बाहेर खाणं आलंच. पहिल्या महिन्यात मेस दिवसावर लावा, पटली तर महिन्याची.

खोलीबद्दल एकच सांगतो: डिपॉझिट परत कधी आणि काय कापून, हे लेखी घ्या. आमच्या शेजारच्या पोराचे पैसे "रंगकामाला गेले" म्हणून मालकानं बुडवले. चार भिंतींचा रंग त्यानं आल्या दिवसापासून तसाच पोपडे आलेला बघितला होता.

कॉटच्या आधी वसतिगृह शोधा

समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत राहणं-जेवण मोफत असतं, अर्ज मुदतीत करा. तिथं जागा मिळाली नाही तर थेट रक्कम देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० मिळतात, लहान ठिकाणी ५१,००० किंवा ४३,०००. त्याला उत्पन्नमर्यादा २.५ लाखांची आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वरच्या १,३३,२०० मधून ६०,००० वजा करून बघा, पानाचा रंगच बदलतो. मात्र या योजना घर सोडून राहणाऱ्यांसाठी आहेत. घरून ये-जा करणाऱ्याला त्यातलं काही नाही.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. तिथं मुलाखत देऊन प्रवेश मिळतो. कोल्हापुरात तर शाहू महाराजांच्या काळात १९०१ पासून जातवार बोर्डिंगं उभी राहिली, त्यांतली अनेक अजून चालू आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीतली कितीतरी माणसं त्याच पायऱ्या चढून शिकली, पण आज फॉर्म भरायला गेलेल्या बापाला बोर्डिंग आठवत नाही, कॉटच आठवते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम असतं. त्यातून वरखर्च निघतो, घर चालत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला मात्र यात पडू नये असं माझं मत.

महिन्यांची पट्टी

आता दोन्ही पानांच्या खाली बारा चौकोन आखा, जून ते मे. प्रत्येक चौकोनात वर येणारे पैसे, खाली जाणारे.

पुण्याच्या पानावर आमचा ऑगस्ट असा दिसला: विकास शुल्क आणि कॉलेजची इतर भरणा, डिपॉझिट १०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं ५,०००, मेस ३,५००, गादी-बादली ५,०००, हातखर्च २,५००. कॉलेजचे पैसे सोडून २६,००० एका महिन्यात. पुढं दर महिन्याला ११,०००. दाजींचे पैसे येतात द्राक्षाचे, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेसुद्धा व्यापारी पळाला नाही तर. म्हणजे ऑगस्ट ते जानेवारी सहा महिने घरात मोठं येणं नाही आणि जाणं ८१,०००. दुधाच्या पगारातून महिना चार हजार निघाले असते. हा खड्डा दिसला तेव्हा ताई पहिल्यांदा गप्प झाली. चार लाखांचा आकडा ऐकून झाली नव्हती.

शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्ता महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज केल्यावर येतो, पण पहिल्या सत्रात तो हातात पडेल असं धरून चालू नका. तो चौकोन मार्चनंतर लिहा. आधी आला तर आनंद आहे. माझा काउंटरचा नियम असा: बाहेरगावी ठेवताना फी सोडून निदान चार महिन्यांचा खर्च रोख किंवा ठेवीत हवा. तो नसेल तर पहिलं वर्ष घरून किंवा जवळ.

अर्ज करण्याआधी पोराचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासा. थेट लाभाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जातात असं लोकांना वाटतं. ते जातात आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत. शाळेत असताना उघडलेलं, पासबुक हरवलेलं खातं असेल तर पैसे तिथं पडून राहतात आणि इकडं बाप कॉलेजात भांडत असतो. आमच्या पतसंस्थेचं खातंही यासाठी चालत नाही, स्वतःच्या धंद्याविरुद्ध सांगतोय.

कर्ज काढायचं तर

शैक्षणिक कर्जात राहण्या-जेवणाचा खर्चही धरता येतो, हे अनेकांना माहीत नसतं. सोनं गहाण टाकण्याआधी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असेपर्यंत आणि पुढचं एक वर्ष व्याजात ३ टक्के सवलत आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा.

पुण्याचा फरक भागवायला दरवर्षी एक लाख उचललं, दर १० टक्के, तर चार वर्षं आणि पुढचं हप्ता न भरण्याच्या सवलतीचं एक वर्ष मिळून सरळव्याजच १,४०,००० होतं. हप्ता सुरू होताना डोक्यावर ५,४०,०००. सात वर्षांत फेडायचं तर महिना नऊ हजारांच्या आसपास. हा आकडा पोराच्या समोर मोठ्यानं वाचा. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर ही एक लाख चाळीस हजारांची चढती टळते. पहिल्या वर्षी ते व्याज महिना आठशे-साडेआठशेच असतं.

मग जायचं कुणी?

जो अभ्यासक्रम किंवा जी संस्था आपल्या जिल्ह्यात नाहीच, तिच्यासाठी जा. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशा ठिकाणी नंबर लागला तर मी दाजींना कर्ज काढायला स्वतः बँकेत नेलं असतं. पण साधं खासगी कॉलेज इथलं आणि साधं खासगी कॉलेज तिथलं, यात चार लाख फक्त "पुणे" या शब्दाला जातात. इंटर्नशिप आणि ओळखी तिथं जास्त मिळतात हे खरं, मान्य. त्यासाठी शेवटचं वर्ष किंवा शेवटचे सहा महिने तिथं जाऊन राहता येतं.

आणि लोक विसरतात ती तिसरी वाट: जवळच्याच शहरात राहणं. सांगलीत विश्रामबागला कॉट पुण्याच्या निम्म्या भाड्यात मिळते. पूर्ण वर्ष घेतलीच पाहिजे असंही नाही.

आम्ही शेवटी तेच केलं. भाचीनं सांगलीचं कॉलेज वर लिहिलं, पहिलं सत्र मुक्कामाच्या गाडीनं काढलं. दिवाळीत वही पुन्हा उघडली, तेव्हा तिनं आपल्या हातानं एक ओळ वाढवली होती: "गाडीत झोप १ तास, अभ्यास ०." जानेवारीत उसाची वाहतूक ऐन भरात असताना तिनं तिघींबरोबर विश्रामबागेत खोली घेतली. डिपॉझिटला आवर्त ठेव मोडली, साडेचार हजार.

मेस एकच वेळची लावलीय. दुसऱ्या वेळचं जेवण ताई पाठवते. एसटीच्या सवलतींच्या यादीत विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या डब्यालाही जागा आहे. सकाळी ६.१० च्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं सात-आठ डबे ओळीनं असतात, प्रत्येकाच्या झाकणावर ऑइलपेंटनं नाव. सांगलीच्या स्टँडवर पावणेआठला भाची उभी असते, आणि कालचा रिकामा डबा त्याच गाडीनं परत येतो.